काळी माती आणि इंजिनियराचे आत्मवृत्त

प्रतिवर्षी बारावीचा निकाल लागला, म्हणजे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील सुशिक्षित घरांतून एकच चर्चा सुरू होते. मुलास अथवा मुलीस इंजिनियरिंगला घालावयाचे की नाही, घालावयाचे तर कोणत्या शाखेस, कोणत्या गावी, आणि चार वर्षांनी पगार किती मिळेल? पुसद येथे बाबासाहेब नाईक इंजिनियरिंग कॉलेज १९८३ साली निघाले व यवतमाळ शहरात जवाहरलाल दर्डा यांच्या नावाचे कॉलेज १९९६ साली निघाले. त्यामुळे ज्या विद्येसाठी पूर्वीच्या पिढीस पुण्यास किंवा नागपुरास बिऱ्हाड करावे लागे, ती आता घरच्या उंबरठ्याशी आली आहे. ही गोष्ट इष्टच होय. परंतु या साऱ्या चर्चेत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ही विद्या म्हणजे वस्तुतः काय, आणि ती अमक्यास आली असे ज्यावरून म्हणता येईल ती खूण कोणती? पदवीचा कागद ही ती खूण नव्हे, हे सर्वांस मनातून ठाऊक असते. पण मग कोणती, हे सांगण्याची वेळ आली की आपण गप्प बसतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर ज्याने ही विद्या हयातभर आचरिली त्याच्याकडेच गेले पाहिजे, या समजुतीने आम्ही सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांचे 'मेमॉयर्स ऑफ माय वर्किंग लाइफ' हे इंग्रजी आत्मवृत्त पुन्हा एकवार वाचले. त्यांच्या जन्मदिवशी, म्हणजे १५ सप्टेंबरास, देशभर इंजिनियर-दिन साजरा होतो आणि त्यांच्या तसबिरीस हार पडतात. पण त्यांचे पुस्तक उघडून पाहणारे त्या मानाने थोडे. ते १९५१ साली, ग्रंथकर्ता नव्वदीच्या घरात असताना, प्रसिद्ध झाले. मराठी वाचकांस त्याचे अगत्य असण्याचे विशेष कारण असे की, म्हैसूर संस्थानाचे दिवाण म्हणून पुढे गाजलेल्या या पुरुषाची घडण महाराष्ट्रातच झाली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून त्यांनी १८८३ साली इंजिनियरिंगची परीक्षा पहिल्या क्रमांकाने दिली, १८८४ साली ते मुंबई सरकारच्या बांधकामखात्यात साहाय्यक इंजिनियर म्हणून नाशिकास रुजू झाले, आणि १९०८ पर्यंत त्या सरकारच्या चाकरीत राहिले. नाशिक, खानदेश व पुणे या प्रांतांतील नद्या, पाट व तलाव हीच त्यांची खरी पाठशाळा होय.

ग्रंथाकडे वळण्यापूर्वी शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. आपण 'अभियांत्रिकी' हा शब्द रूढ केला, त्यात 'यंत्र' बसलेले आहे. त्यामुळे ही विद्या म्हणजे यंत्रांची विद्या असा समज सहज होतो. इंग्रजीतील 'एंजिन' या शब्दाचे मूळ मात्र लॅटिन 'इन्जेनियम्' या शब्दात आहे, व त्याचा अर्थ उपजत बुद्धी, कल्पकता असा आहे. म्हणजे यंत्र हे त्या कल्पकतेचे एक फळ, मूळ नव्हे. पूल, पाट, घराचा पाया, वीज वाहून नेणारी तार, संगणकाची आज्ञावली, या सर्वांत सारखे काय आहे असे पाहू गेल्यास एवढेच दिसते की, माणसास काही हवे आहे, पदार्थांचे धर्म ठरलेले आहेत, पैसा व वेळ मोजका आहे, माहिती अपुरी आहे, आणि तरीही काही करणे भाग आहे. अशा स्थितीत जे टिकेल, परवडेल व कोणाचा घात करणार नाही असे करून दाखविणे, यास आम्ही इंजिनियरी म्हणतो. शास्त्रज्ञ 'मला अजून ठाऊक नाही' असे म्हणून थांबू शकतो, आणि पुष्कळदा त्याने थांबणेच योग्य असते. इंजिनियरास ही सवलत नाही. पावसाळा त्याच्यासाठी थांबत नाही.

ही व्याख्या डोळ्यांपुढे ठेवून विश्वेश्वरय्यांचे पुस्तक वाचले असता त्यातील कित्येक रुक्ष प्रकरणे एकाएकी सजीव होतात. सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहा. सिंधूचे पाणी गढूळ, आणि ते गाळून घेण्याचे हौद बांधण्याइतका पैसा नगरपालिकेपाशी नाही. तेव्हा त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेण्याची युक्ती योजिली. वाळूतून झिरपून आलेले पाणी आपोआपच स्वच्छ होऊन येई, आणि तेच वर चढविले की झाले. ज्या वाळूमुळे पाणी नासते असे वरवर पाहणारास वाटेल, तीच येथे गाळणी झाली. गरिबीने घातलेल्या अटीतून ही युक्ती निघाली हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पैसा मुबलक असता, तर पुस्तकातील नमुन्याप्रमाणे हौद बांधून मंडळी मोकळी झाली असती.

दुसरे उदाहरण पुणेकरांच्या परिचयाचे, खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांचे. तेथील सांडव्यावरून पावसाळ्यात पुष्कळ पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात त्याच पाण्याची उणीव भासे. धरण उंच करावे तर खर्च मोठा. सांडव्यावर साधे दरवाजे बसवून पाणी अडवावे तर भीती अशी की, रात्री-अपरात्री पूर आला आणि दरवाजे उघडावयास माणूस वेळेवर पोचला नाही, तर धरणच धोक्यात यावे. विश्वेश्वरय्यांनी १९०३ च्या सुमारास अशी योजना केली की, पाणी ठराविक पातळीपर्यंत चढेतो दरवाजे मिटलेले राहावेत, आणि त्यापुढे चढू लागताच पाण्याच्याच जोराने ते उघडावेत. माणसाच्या डुलकीचा, पायवाटेवरच्या चिखलाचा आणि दिवा विझण्याचा विचार ज्याने आधीच केला, त्याच्या डोक्यातूनच असा दरवाजा निघू शकतो. गणित त्यात आहेच. पण गणिताच्या आधी माणसाच्या दुबळेपणाची जाणीव आहे.

तिसरे उदाहरण तर विशेषच बोधप्रद आहे, कारण त्यात दगडचुन्याचा संबंधच नाही. नीरा कालव्यावर पाणी असूनही ते सर्वांस पुरत नसे; ज्याची जमीन पाटाच्या वरच्या अंगास तो भरपूर घेई आणि शेवटच्या शेतापर्यंत थेंब पोचत नसे. शिवाय अति पाण्याने जमीन पाणथळ होऊन रोगराई वाढे, ती वेगळीच. यावर त्यांनी गटवार पाणी देण्याची व पिके आळीपाळीने घेण्याची जी पद्धत सुचविली, ती 'ब्लॉक सिस्टिम' या नावाने प्रसिद्ध आहे. प्रथम तिला विरोध झाला. शेतकऱ्यांची समजूत घालावी लागली. आमच्या मते हे प्रकरण प्रत्येक विद्यार्थ्याने दोनदा वाचावे. धरण बांधले म्हणजे पाणी दिले असे होत नाही. पाणी कोणत्या क्रमाने, कोणास, किती दिवसांनी मिळावे याची सुसूत्र व्यवस्था लावणे हेही इंजिनियराचेच काम आहे, आणि ते न केल्यास दगडांचे काम कितीही चोख असले तरी व्यर्थ जाते. बेंबळा, अरुणावती, पूस आणि पैनगंगेवरील इसापूर या धरणांच्या आमच्या जिल्ह्यात हे निराळे पटवून देण्याची गरज नाही.

आता ग्रंथाच्या गुणदोषांचा हिशेब करू. शैली या दृष्टीने पाहता हे पुस्तक मनोरंजक नाही. ते सरकारी अहवालाच्या वळणाने लिहिलेले आहे. प्रकरणामागून प्रकरण, कामामागून काम, अमुक साली अमुक योजना, असा त्याचा क्रम. घर, आप्त, सुखदुःख यांचा मागमूस जवळजवळ नाही. पुष्कळ वाचक येथेच कंटाळतील. तथापि या रुक्षपणातही एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे. ग्रंथकर्त्याने नावातच 'माझ्या कामकाजाच्या आयुष्याच्या' आठवणी असे म्हटले आहे, आणि त्या मर्यादेबाहेर तो एक पाऊलही टाकीत नाही. आत्मवृत्त म्हणजे आत्मस्तुतीची सोय असे समजणारे ग्रंथ ज्यांनी वाचले आहेत, त्यांस हा संयम थंड पाण्यासारखा वाटेल.

पण संयमाची एक बाजू अशी की, जे लिहिले नाही तेही वाचकास जाणवू लागते. या पुस्तकात न साधलेल्या कामांस फार थोडी जागा आहे. योजना सुचते, अडचण येते, अडचण दूर होते, काम पुरे होते, वरिष्ठ संतुष्ट होतात. हा क्रम इतक्या वेळा येतो की, कोवळ्या वयाच्या वाचकाची अशी समजूत व्हावी की चांगल्या इंजिनियराचे काही चुकतच नाही. वस्तुतः कोणत्याही कुशल माणसाची विद्या त्याच्या फसलेल्या कामांवर उभी असते. आपले कोणते गणित चुकले, कोणता अंदाज खोटा ठरला, कोणत्या रात्री झोप लागली नाही, हे त्यांनी विस्ताराने लिहिले असते, तर हा ग्रंथ दसपट मोलाचा झाला असता.

या ठिकाणी एका अगदी भिन्न प्रकृतीच्या लेखनाची आठवण होते. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग याची 'द ब्रिज-बिल्डर्स' ही गोष्ट १८९८ च्या 'द डेज वर्क' या संग्रहात आहे. गंगेवरील पूल पुरा होत आलेला असताना वेळेआधी पूर येतो, आणि फिंडलेसन हा मुख्य इंजिनियर त्या रात्री आपले सारे हिशेब मनात पुन्हा पुन्हा ताडून पाहतो. खांब टिकतील ना? कोठे एखादी चूक राहून गेली असेल काय? हे भय ज्याने अनुभविले नाही त्यास मोठे काम सोपवू नये, असे आम्हांस वाटते. किपलिंगच्या साम्राज्याभिमानाशी आमचे जमणे शक्य नाही; पूल बांधावा तो गोऱ्यानेच, आणि देवांनीही त्यापुढे नमावे, हा त्याचा अंतःस्थ सूर आज वाचवत नाही. परंतु त्याच गोष्टीत पेरू नावाचा बलसाडचा खारवी आहे. दोरखंड, कप्पी आणि अवजड वजने उचलण्याची हिकमत यांत त्याचा हात धरणारा कोणी नाही, आणि हे इंजिनियरासही मान्य आहे. विश्वेश्वरय्यांच्या ग्रंथात असा पेरू कोठे भेटत नाही. गवंडी, वडार, बेलदार, लोहार यांच्या हातांनीच ती सारी कामे उभी राहिली; पण आत्मवृत्ताच्या पानांवर त्यांची सावली क्वचितच पडते. भय आणि हात या दोन गोष्टी किपलिंगपाशी आहेत व विश्वेश्वरय्यांपाशी नाहीत. पद्धत आणि न्यायबुद्धी या दोन विश्वेश्वरय्यांपाशी आहेत व किपलिंगपाशी नाहीत. शिकणाराने दोघांकडूनही घ्यावे.

याहून नाजूक प्रश्न आज्ञापालनाचा आहे, आणि या परीक्षणाचे मुख्य प्रयोजनही तेच. नोकरीच्या आरंभीच्या काळात विश्वेश्वरय्यांस धुळ्याकडे पांझरा नदीच्या एका प्रवाहातून नळाचा सायफन नेण्याचे काम मिळाले. पावसाने काम अडले, तेव्हा ते पुढे ढकलावे असे त्यांनी वर कळविले. वरिष्ठांस त्यात शिस्त व आज्ञापालन यांचा उणेपणा दिसला. तरुण इंजिनियराने मग ते काम अंगावर घेऊन, पुरापावसास तोंड देत, पुरे केले, व वरिष्ठांची नाराजी दूर झाली. ही हकीकत शाळांतून व समारंभांतून कर्तव्यनिष्ठेचा धडा म्हणून सांगितली जाते, आणि पांझरेच्या काठी ती तशी शोभलीही. परंतु तिचे तात्पर्य 'वरिष्ठ सांगतील ते करावे, शंका काढू नये' असे जर कोणी काढील, तर तो मोठाच अनर्थ होय. त्यांनी आक्षेप घेतला होता, तो लेखी घेतला होता व वेळेवर घेतला होता, हा या हकीकतीचा पूर्वार्ध आपण सोयीस्करपणे विसरतो.

हा भेद किती जीवघेणा ठरू शकतो याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळील पानशेतचे मातीचे धरण फुटले. ते पुरते सिद्ध झालेले नसतानाच त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले होते. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते, आणि तेथेच बांध खचला. त्या लोंढ्याने खाली असलेले खडकवासल्याचे धरणही त्याच दिवशी फोडले, आणि पुणे शहराचा नदीकाठ बुडाला. ज्या खडकवासल्यावर विश्वेश्वरय्यांचे दरवाजे प्रथम बसले, तेच हे धरण. त्या वेळी ते स्वतः शंभरीच्या उंबरठ्यावर हयात होते. त्या दरवाजांचा यात काही दोष नव्हता. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, मुदत माणूस ठरवितो, पण माती ती मुदत पाळण्यास बांधलेली नसते. पांझरेवर घाई केली आणि निभावले. पानशेतला घाई झाली आणि निभावले नाही. दोन्ही ठिकाणी पाऊस तोच होता. म्हणून इंजिनियरास दोन धनी असतात असे म्हणावेसे वाटते. एक पगार देणारा, आणि दुसरा तो पदार्थ ज्यावर त्याचे काम उभे राहावयाचे. दोघांच्या आज्ञा जुळल्या तर उत्तमच. न जुळल्यास दुसऱ्याची आज्ञा पहिल्यास स्पष्ट शब्दांत, लेखी व वेळेवर कळविणे हेच त्याच्या विद्येचे मर्म होय.

आमच्या जिल्ह्यात हा दुसरा धनी म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्या अशा की वासराचा पाय आत जावा. पाऊस पडला की ती फुगून भेगा मिटतात आणि चिखल बैलाच्या खुरास सोडीत नाही. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट या जातीचे खनिज असते. त्याचे पापुद्रे अतिशय पातळ असून पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते. म्हणून माती ओली होताच फुगते व वाळताच आकसते. हाच गुण कापसास लाभदायक, कारण पाऊस गेल्यावरही ओल धरून ठेवणारी अशी जमीन दुसरी नाही. आणि हाच गुण घरास घातक. उथळ पायावरील घर प्रतिवर्षी किंचित उचलले जाते व किंचित खाली बसते. सर्वत्र सारखे नव्हे, कोठे अधिक, कोठे उणे. मग दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, वणी, कोणत्याही गावातील नव्या वसाहतीतून वैशाखात फेरफटका मारावा. भिंतींवरील त्या चिरा वाचावयास इंग्रजी यावे लागत नाही.

या मातीशी माणसांनी कसा व्यवहार केला, हा एक छोटा इतिहासच आहे, व त्यात आमच्या विषयाचे सार आहे. जुने गवंडी काळी माती खणून काढून तिच्या जागी मुरूम भरीत व तो पाणी मारून धुमसाने ठोकून बसवीत. असे का, हे विचारल्यास 'काळीवर भरवसा नाही' याहून अधिक उत्तर त्यांच्यापाशी नसे. पुस्तकी इंजिनियर पुष्कळदा मुरमाऐवजी वाळूचा थर सुचवीत. वाळू दाबली जाईल व माती फुगली तरी धक्का वर पोचणार नाही, असा त्यांचा तर्क होता. तर्क ऐकावयास बरा. पण वाळूत पाणी साठून राहते व खालच्या मातीस तेच मिळत जाते, त्यामुळे हा उपाय भरवशाचा ठरला नाही. पुढे मुंबईच्या आय. आय. टी.मधील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घकाळ प्रयोग केले. त्यांतून असे निष्पन्न झाले की, कणांना एकमेकांशी धरून राहण्याचा गुण असलेली, पण स्वतः न फुगणारी अशी माती, म्हणजे योग्य जातीचा मुरूम, काळ्या मातीवर सुमारे मीटरभर जाडीचा थर देऊन नीट ठोकून बसविली असता खालची माती फुगण्याचे आवरते. ही रीत पुढे काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तराखाली वापरली गेली. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने दुसरा मार्ग दाखविला. ऋतूंच्या ओल्या-सुक्याची पोच जेथे फारशी नाही अशा, साडेतीन मीटर किंवा अधिक, खोलीपर्यंत लहान व्यासाचे काँक्रीटचे खांब न्यावयाचे, तळाशी त्यांना दांड्याच्या सुमारे अडीचपट व्यासाचा फुगवटा द्यावयाचा, आणि वरची तुळई जमिनीपासून थोडी अधांतरी ठेवावयाची. म्हणजे माती खाली फुगो की आकसो, घर आपले स्थिर.

गवंड्याची मुरमाची रीत बरोबर होती, पण ती का बरोबर हे त्यास ठाऊक नसल्यामुळे कोणता मुरूम चालेल, थर किती जाड हवा, कोठे ही रीत मुळीच चालणार नाही, हे तो सांगू शकत नव्हता. इंजिनियराच्या तर्कास शास्त्राची भाषा होती, पण त्याने त्या मातीवर एक पावसाळा बसून पाहिले नव्हते. जेव्हा कोणी गवंड्याचा अनुभव व शास्त्राचे माप एकत्र आणून प्रयोगाने ताडून पाहिले, तेव्हाच विद्या पुढे सरकली. रीत माहीत असणे ही कारागिरी, कारण माहीत असणे हे शास्त्र; रीतीचे कारण शोधून तिची मर्यादा ठरविणे आणि त्या मर्यादेच्या आत राहून दुसऱ्याच्या घराची जबाबदारी घेणे, ही इंजिनियरी.

या जबाबदारीचा आणखी एक भाग आहे, तो म्हणजे राखण. मूर्तिजापूरहून यवतमाळास येणारी, विसाव्या शतकाच्या आरंभी एका इंग्रज कंपनीने कापसासाठी घातलेली अरुंद रुळांची 'शकुंतला' आमच्या पिढीस परिचित आहे. १९२१ साली मँचेस्टर येथे तयार झालेले वाफेचे इंजिन तिच्यावर सत्तर वर्षे राबले व १९९४ साली त्याच्या जागी डिझेलचे आले. सत्तर वर्षे ते चालले याचे श्रेय मँचेस्टरच्या कारखान्यास जितके, तितकेच ज्यांनी त्याच्या नळ्या साफ केल्या व झिजलेले भाग घडवून बसविले त्या अनाम फिटरांस आहे. रुळांची निगा मात्र तशी राहिली नाही. गाडीचा वेग घटत गेला, आणि शेवटी ती बंद पडली. आता वर्ध्याहून कळंबपर्यंत रुंद रुळांचा नवा मार्ग २०२४ साली सुरू झाला असून तो यवतमाळमार्गे नांदेडास जावयाचा आहे. नव्याचे स्वागत करताना जुन्यापासून एवढे शिकावे की, उद्घाटनाच्या दिवशी काम संपत नाही, सुरू होते. विश्वेश्वरय्यांच्या ग्रंथातही उभारणीचे पर्व मोठे आहे, निगेचे लहान. त्या काळाची ती दृष्टीच होती. आजच्या विद्यार्थ्यास ती पुरणार नाही.

मग चांगला इंजिनियर व्हावयाचे कसे? आमच्या वाचकांच्या घरी जी मुले या वाटेने निघाली आहेत, त्यांच्यासाठी या वाचनातून जे हाती लागले ते थोडक्यात सांगतो. गणित व पदार्थविज्ञान पक्के करावे, यास पर्याय नाही. ज्यास माप करता येत नाही त्याचा अनुभव इतरांच्या उपयोगी पडत नाही. मात्र संगणकाने दिलेल्या उत्तरापूर्वी आपला ढोबळ अंदाज कागदावर मांडण्याची सवय ठेवावी. दोहोंत दसपट अंतर पडले, तर कोठे तरी चूक आहे हे त्या सवयीनेच कळते. सुटीत एखाद्या गवंड्यापाशी, तारतंत्र्यापाशी किंवा जिनिंगच्या फिटरपाशी महिनाभर बसावे, आणि त्याच्या प्रत्येक रीतीस 'का' असा प्रश्न आदराने विचारावा. केलेल्या कामाकडे पावसाळा उलटल्यावर परत जावे. जो परत जात नाही त्याच्या वीस वर्षांच्या नोकरीत एकाच वर्षाचा अनुभव वीसदा येतो. चुका एका वहीत लिहाव्या, व त्या लपवू नयेत. आणि धोका दिसल्यास तो स्पष्ट सांगण्याचे धैर्य अंगी बाणवावे. पालकांनीही येथे एक गोष्ट करण्यासारखी आहे. मुलगा किंवा मुलगी नोकरीत अशा प्रसंगी अडखळून घरी आली, तर 'वरिष्ठांशी वाकडे कशाला घेतोस?' असे म्हणण्याआधी क्षणभर थांबावे. त्या क्षणावर एखाद्या गावाचे भवितव्य अवलंबून असू शकते.

चार वर्षांत हे सारे साधेल असे आम्ही म्हणत नाही. पुण्याचे जे कॉलेज विश्वेश्वरय्यांनी केले, तेही १८५४ साली सरकारी बांधकामावरील हाताखालचे लोक तयार करण्यासाठी एक लहानसा वर्ग म्हणून निघाले होते. अशा शाळेतून असा पुरुष निघाला, कारण शाळेने त्यास मापे दिली आणि नद्यांनी त्यास बाकीचे शिकविले. आमच्या जिल्ह्यातील कॉलेजांभोवती पैनगंगा आहे, वर्धा आहे, कापसाचे कारखाने आहेत आणि ओलीसुकीने खालीवर होणारी काळी माती आहे. प्रयोगशाळेची उणीव येथे कोणी सांगू नये.

हे आत्मवृत्त प्रत्येक सुशिक्षित घरी असावे आणि इंजिनियरिंगला जाणाऱ्या मुलांनी पहिल्याच वर्षी ते वाचावे, अशी आमची शिफारस आहे. त्यातील पद्धत, काटकसर, निःस्पृहता व दीर्घोद्योग ही आजही अनुकरणीय आहेत. फक्त वाचताना शेजारी एक कोरी वही ठेवावी, आणि ग्रंथकर्त्याने जे लिहिले नाही, म्हणजे फसलेली कामे, हात राबविणाऱ्यांची नावे व घेतलेले आक्षेप, ते ज्याने त्याने आपापल्या अनुभवातून तीत लिहीत जावे. ती वही भरेल तेव्हा, विद्या आली की नाही हे दुसऱ्यास विचारावे लागणार नाही.